मान कुणाला? रॅपवरून भांडणाऱ्यांना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुरुवारी संध्याकाळी कामं आटोपली की आम्ही सहा-सात जण फोंड्यात एका रस-ऑम्लेटच्या (तिखट रश्श्यातल्या ऑम्लेटच्या) गाड्यापाशी जमतो. विषय ठरलेला: कुठल्या रॅपरला मान द्यायचा आणि कुणाला नाही. नवा माणूस आला की तो तेच प्रश्न विचारतो, आणि त्याचा पाव रसात बुडायच्या आत जुनीच भांडणं नव्याने पेटतात. म्हणून एकदाचं लिहून काढलं. उत्तरं माझी आहेत. बाकड्यावरच्या इतरांना ती पटलेली नाहीत, हे आधीच सांगून टाकतो.

मान द्यायचा म्हणजे काय? जो आवडतो त्यालाच ना?

नाही, आणि निम्मी भांडणं इथेच होतात. गोव्यात 'मान' हा शब्द आपल्याला देवळातून कळलेला असतो. पालखीला पहिला खांदा कुणाचा, शिमग्यात कुठल्या वाड्याचं रोमट, म्हणजे ढोल-ताशांची मिरवणूक, आधी निघणार, नारळ कुणाच्या हातात द्यायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. तुम्ही नाचता कसे, गाता कसे, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. मान घराण्याचा. तो हुकला की गावात दोन तट पडतात आणि कज्जे वर्षानुवर्षं चालतात.

हिपहॉपमधला रिस्पेक्ट याच्या बरोबर उलटा. तिथे कुणाकडे घराणं नव्हतं, मांड (गावच्या खेळांची ठरलेली पवित्र जागा) नव्हता. माइक हातात आला की पुढच्या सोळा बारांत, म्हणजे ओळींत, जे दिसेल तेवढीच इस्टेट. त्यामुळे मी आवड आणि मान वेगळे ठेवतो. कदंबाच्या बसमध्ये कानात काय वाजतं ती आवड. मानासाठी मी दोन गोष्टी बघतो: याच्यामुळे पुढच्यांचं काम बदललं का, आणि जे बोलला ते त्याचं स्वतःचं होतं का. मला ड्रेक आवडतो. मानाचा विषय निघाला की मात्र मी ऑम्लेटकडे लक्ष देतो.

मग पहिला मान कुणाचा?

कूल हर्कचा. आमच्यात एकमत असलेली ही एकमेव गोष्ट. 11 ऑगस्ट 1973, न्यूयॉर्कचा ब्रॉन्क्स भाग, 1520 सेजविक अव्हेन्यू नावाच्या इमारतीतली पार्टी. जमैकाहून आलेल्या क्लाइव्ह कॅम्पबेलच्या, म्हणजे हर्कच्या, एक गोष्ट लक्षात आली होती: गाण्यात गायक थांबतो आणि नुसते ड्रम वाजतात, त्या काही सेकंदांत पोरं सगळ्यात जोरात नाचतात. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावल्या आणि तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवला. पुढचा सगळा डोलारा त्या तुकड्यावर उभा आहे.

आमच्यातली डिचोलीची मैत्रीण इथे प्रत्येक वेळी अडवते. पार्टी हर्कची नव्हतीच, त्याच्या धाकट्या बहिणीची होती. शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायला सिंडी कॅम्पबेलला पैसे हवे होते, म्हणून तिने इमारतीतला हॉल घेतला, मुलींना 25 सेंट आणि मुलांना 50 सेंट तिकीट लावलं आणि भावाला वाजवायला बसवलं. तेव्हा नारळ तिच्या हातात.

दुसऱ्याने लिहून दिलेलं म्हणणाऱ्याला मान द्यायचा का?

हा आमचा सगळ्यात जुना वाद, म्हणून जरा सविस्तर.

1979 मध्ये शुगरहिल गँगचं गाणं आलं आणि रॅप नावाचं काही असतं हे अमेरिकेत घरोघरी कळलं. त्या तिघांतल्या बिग बँक हँकने ग्रँडमास्टर कॅझ या आपल्या ओळखीच्या रॅपरच्या ओळी घेतल्या आणि जशाच्या तशा म्हटल्या. इतक्या जशाच्या तशा, की कॅझने स्वतःचं टोपणनाव 'कॅसानोव्हा' एकेक अक्षर सुटं करून ओळीत गुंफलं होतं, हँकने तेही तसंच म्हटलं. कॅझला ना श्रेय मिळालं ना पैसे.

आपल्याकडे अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' येतं ते कशाला? ओळ कुणाची हे ओळीतच बांधून ठेवायला. हँकने दुसऱ्याचा अभंग आपला म्हणून गायला आणि 'तुका म्हणे' पुसायचंही विसरला.

सत्तरी तालुक्यातला मित्र म्हणतो, 'जत्रेच्या नाटकात नट कुठे स्वतः लिहितो? त्याला टाळ्या देतोसच ना?' मुद्दा बरा आहे, पण नट 'मी संभाजी' म्हणतो तेव्हा पहिल्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक असतं की हा पंचायतीतला क्लार्क आहे. रॅपर 'मी' म्हणतो तेव्हा तो मीच असल्याचा दावा करतो. 2015 मध्ये मीक मिलने ड्रेक दुसऱ्याकडून लिहून घेतो असा आरोप केला, त्याचा एवढा गहजब झाला तो याच कारणाने. उलट डॉ. ड्रेचं 1999 मधलं पुनरागमनाचं गाणं जे-झीने लिहून दिलं हे जगजाहीर आहे, तरी कुणी भांडत नाही. ड्रेने स्वतःला कधी लेखणीचा माणूस म्हणवून घेतलंच नाही. त्याचा दावा बीटचा. ज्याचा जेवढा दावा, तेवढंच त्याचं माप काढायचं.

प्रत्येक यादीत राकिम का असतो? आजच्या कानाला तर तो साधाच वाटतो.

साधा वाटतो कारण नंतरच्या सगळ्यांनी त्याचंच उचललं. आधीचं रॅप बरचसं असं होतं:

पाऊस पडतो पत्र्यावर,
म्हातारा बसला कट्ट्यावर.

यमक ओळीच्या शेवटी, कान तिथेच वाट बघत बसलेला. एरिक बी आणि राकिम यांचा पहिला अल्बम 1987 मध्ये आला आणि यमक ओळीच्या पोटात शिरलं:

पाऊस पत्र्यावर, म्हातारा कट्ट्यावर, डोळा रस्त्यावर, बस नाही पत्त्यावर,
सत्तरीच्या धक्क्यावर रात्र आली डोक्यावर...

(ओळी माझ्या आहेत, राकिमला दोष देऊ नये.) आता कानाला कळत नाही पुढचा ठोका कुठे पडणार. शिवाय राकिम ओरडत नाही. त्याच्या आधीचे बहुतेक जण मैदानात हाळी दिल्यासारखे म्हणायचे. हा शेजारी बसून बोलावं तसा म्हणतो.

माझे काका भजनात पखवाज वाजवतात. त्यांना रॅप म्हणजे कटकट. एकदा ओसरीवर त्यांच्या हातात इअरफोनचा एक बोंडा दिला आणि राकिमचं एक कडवं लावलं. पहिल्या चार बारांत चेहरा जसाच्या तसा. मग उजव्या हाताची बोटं मांडीवर चालायला लागली, थांबली, पुन्हा चालली. 'हो समेर येना मरे,' म्हणाले. सम चुकतो असं नव्हे, सम टाळून पुढे जातो आणि मग गाठतो, असं त्यांना म्हणायचं होतं. हा पोरगा सॅक्सोफोन वाजवायचा आणि जॉन कोल्ट्रेन ऐकून मोठा झाला, असं सांगितल्यावर त्यांनी 'तरीच' एवढंच म्हटलं आणि बोंडा परत दिला. कडवं संपलं होतं, पण त्यांची बोटं अजून चालू होती.

टुपाक की बिगी?

टुपाक 13 सप्टेंबर 1996 ला गेला, 25 वर्षांचा होता. बिगी 9 मार्च 1997 ला, 24 वर्षांचा. आम्ही सगळे आता त्यांच्यापेक्षा वयाने मोठे आहोत. हा वाद आम्ही बंद केला आहे.

एकमेकांना शिव्या घालणाऱ्यांना कसला मान? डिस म्हणजे अपमानच की.

कलगी-तुरा ऐकलाय? एक फड शक्तीला श्रेष्ठ मानणारा, दुसरा शिवाला. डफावर थाप मारून समोरच्याला पुराणातला कूट सवाल टाकायचा, जवाब आला नाही तर तो हरला. कोकणात शक्ती-तुरा म्हणून अजून रंगतो, रात्र रात्र चालतो. तिथे नाव घेऊन सवाल टाकणं हाच मुळात मान आहे. लायकीचा नसता तर त्याच्यावर रात्र कोण घालवणार?

जे-झी आणि नासचं तसंच झालं. सप्टेंबर 2001 च्या अल्बममध्ये जे-झीने नासला नाव घेऊन झोडलं. तोवर नास उतरणीला लागला असंच लोक म्हणत होते. 1994 च्या पहिल्या अल्बमनंतर त्याला तसं पुन्हा काही जमलं नाही, हा टोमणा ठरलेला. डिसेंबरमध्ये त्याने जवाब दिला आणि माणूस पुन्हा उभा राहिला. पुढे 2006 मध्ये नासने ज्या डेफ जॅम कंपनीशी करार केला तिचा प्रमुख तेव्हा जे-झीच होता. फड संपला, डफ खाली ठेवला.

2024 चा केंड्रिक-ड्रेक सामना इतका सुरेख संपला नाही. एकमेकांच्या घरादारावर, पोरांवर उतरले, आणि शेवटी ड्रेकने स्वतःच्याच रेकॉर्ड कंपनीवर खटला भरला. केंड्रिकच्या ड्रेकवरच्या गाण्याला फेब्रुवारी 2025 मध्ये पाच ग्रॅमी मिळाले. आठवड्याभरात सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, मध्यंतरात साऱ्या स्टेडियमने ते म्हटलं. पेडण्याच्या मित्राच्या मते केंड्रिकचा मान त्या रात्री ठरला. मला नाही पटत. तो 2017 च्या अल्बममध्येच ठरला होता, ज्याला पुढच्या वर्षी संगीताचं पुलित्झर मिळालं. त्याआधी ते शास्त्रीय आणि जॅझच्या बाहेर कुणालाच मिळालं नव्हतं. मारामारीत जिंकलेला मान मारामारीपुरताच.

तुमच्या याद्यांत बायका का नसतात?

कारण बाकड्यावर त्या नव्हत्या. डिचोलीची यायला लागली त्याला दोन वर्षं झाली. पहिल्याच गुरुवारी तिने विचारलं, 'तुमच्या दहांत एकही बाई नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?' कुणी सांगितलं नव्हतं.

तिचा युक्तिवाद मी जमेल तसा मांडतो. शुगरहिलचं ते पहिलं गाणं बाजारात आणलं सिल्व्हिया रॉबिन्सनने. 1982 मध्ये रॅपला गरिबीवर, फुटक्या काचांवर, मुतऱ्या जिन्यांवर बोलायला लावणारं ग्रँडमास्टर फ्लॅशच्या नावाचं गाणं निघालं, ते करायला फ्लॅश आणि त्याची मंडळी राजी नव्हती. हट्ट सिल्व्हियाचा. लॉरिन हिलचा एकटीचा अल्बम 1998 चा, त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं, आणि त्यानंतर तिने स्टुडिओ अल्बम केलाच नाही. एका अल्बमवर एवढं मोठं घर. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने रॅप म्हणणारी पहिली बाई घेतली ती मिसी एलियट, तीही 2023 मध्ये.

आणि मग ती धालोकडे वळते. आमच्या आज्या मांडावर दोन रांगांत उभ्या राहून रात्रभर म्हणायच्या, ते कुणी लिहून दिलं होतं? त्यातल्या कितीजणींची नावं माहीत आहेत तुम्हाला? यावर बाकड्याकडे उत्तर नाही.

माणूस वाईट असेल तर?

हाही प्रश्न तिचाच. 1991 मध्ये डॉ. ड्रेने डी बार्न्स या टीव्हीवरच्या निवेदिकेला पार्टीत मारहाण केली. जाहीर माफी मागितली 2015 मध्ये. त्याच्या बीटशिवाय अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं रॅप उभंच राहत नाही, हेही खरं. बीटला मान देतो, माणसाला हात जोडत नाही. हे सोयीचं उत्तर आहे असं ती म्हणते. आहे.

एमिनेमचं काय?

सत्तरीचा हे दर गुरुवारी विचारतो. मान आहे रे बाबा. यमकांच्या बाबतीत त्याच्याशी कुणी हुज्जत घालत नाही. मला त्याची आवडणारी गोष्ट वेगळी. 2022 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये घेतल्यावर त्याने भाषणात कागद काढून आपल्याला शिकवणाऱ्या रॅपरांची नावं वाचली, एकामागून एक, लोकांना कंटाळा येईपर्यंत. कीर्तनाच्या आधीचं नमनच ते. गोऱ्या माणसाने दुसऱ्याच्या अंगणात नाचायचं तर असं नाचावं.

ज्याचे व्ह्यूज जास्त तो मोठा नाही का?

मोठा आहे. शेजारच्या गाड्यावर आमच्यापेक्षा जास्त गर्दी असते, आणि त्याचा रस पातळ आहे.

'गोट' म्हणजे काय?

सर्वकाळ श्रेष्ठ, अशा अर्थाच्या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. रॅपमध्ये तो शब्द रुळवला एलएल कूल जेच्या 2000 मधल्या अल्बमने. आमच्याकडे बकरा म्हणतात. 'आजचा बकरा कोण?' म्हणजे सर्वश्रेष्ठ कोण आणि बिल कोण भरणार, दोन्ही.

हिंदीतल्या रॅपरांना तुम्ही मोजता का?

मोजतो. बाबा सेहगलवर लोक हसतात, 1992 चं त्याचं ते गाजलेलं गाणं चालीसकट उसनं होतं हेही खरं. पण हिंदीत रॅप होऊ शकतो हे माझ्या थोरल्या भावाच्या वयाच्या पोरांनी पहिल्यांदा ऐकलं ते त्याच्याकडूनच. उंबरठा ओलांडणाऱ्याचा पाय वेडावाकडा पडतोच. खरी गाडी सुरू झाली 2015 मध्ये, मुंबईच्या डिव्हाइन आणि नेझीने एकत्र येऊन आपल्या गल्लीवर गाणं केलं तेव्हा. 2019 चा 'गली बॉय' त्यांच्यावरून सुचलेला. सिनेमा पाहून रॅपकडे आलेल्यांना आमच्यात कमी लेखलं जातं. मला ते पटत नाही, मीही एका सिनेमामुळेच आलो. कुठला ते सांगणार नाही.

पुण्याच्या एमसी स्टॅनवरून बाकड्याचे दोन पाय वेगळे व्हायची वेळ येते. 2023 मध्ये तो 'बिग बॉस' जिंकला, म्हणून अर्धे त्याला डोक्यावर घेतात आणि उरलेले त्याच कारणासाठी नाक मुरडतात. दोघांनीही टीव्ही बाजूला ठेवून त्याची सुरुवातीची गाणी ऐकावीत. वस्तीतली भाषा त्याने धुऊन, इस्त्री करून आणली नाही, तशीच आणली.

मराठी रॅप जमतं का? कानाला शाळेतल्या कवितेसारखं लागतं.

लागतं, आणि त्याचं कारण व्याकरणात आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. म्हणजे आला, गेला, झाला, मेला ही यमकं फुकटात मिळतात. फुकटचं मिळालं की रॅपर आळसावतो. माझी पहिली दोन वर्षांची वही 'करतो-धरतो-मरतो'ने भरलेली आहे. मराठीत लिहिणारा कसलेला आहे का, हे तपासायचं तर ओळींचे शेवट बघावेत. क्रियापद पुढे ढकलून शेवटी नाम ठेवलं की ओळीला पाय फुटतात:

चुकली साखळीची शेवटची बस,
खिशात दहा, जिभेवर रस.

अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ऐका. नाव '100 आरबीएच' असं लिहितो, म्हणजे 'सौ' आणि पुढे 'रभ'. नावातच श्लेष करणाऱ्याला मी अर्धा मान तिथेच देतो, उरलेला त्याच्या वऱ्हाडीला. पुस्तकी मराठी बीटवर कडक बसते, बोली वाकते. आणि मराठीत बोलण्याची किंमतही असते: 2023 मध्ये महाराष्ट्रात राजकीय गाण्यांवरून मराठी रॅपरांवर गुन्हे दाखल झाले.

गोव्यातल्या माणसाने मराठीत रॅप करावा की कोकणीत?

हा प्रश्न मोठ्याने विचारू नका, गाड्याभोवती इतरही गिऱ्हाइकं असतात. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात जागा राहिली. त्याआधी रस्त्यावर जे झालं ते आमच्या आईबापांनी पाहिलंय. दोन बारांसाठी मी ते उकरणार नाही. मी आईशी कोकणीत भांडतो, पेपर मराठीत वाचतो, भजन मराठीत म्हणतो, आणि शिवी जी आधी येईल ती. कोकणीकडे तियात्रातलं, म्हणजे कोकणी नाटकातलं, कांतार (गाणं) आहे, राजकारण्यांची नावं घेऊन टोपी उडवायची शंभरावर वर्षांची सवय आहे, त्यामुळे कोकणी रॅपला घरचंच भांडवल मिळतं. रॅपर त्सुमयोकी गोव्याचाच, आणि तो इंग्रजी-हिंदीत करतो. कुणी त्याला गोंयकार नव्हे म्हटलेलं ऐकलं नाही.

माझा स्वतःचा अनुभव विचाराल तर तो फजितीचा आहे. गावच्या जत्रेत नाटक उभं राहायला उशीर होत होता, म्हणून मला पडद्यापुढे पाच मिनिटं मिळाली. बीट माझ्या फोनवर, फोन साउंडवाल्याकडे. पहिल्याच कडव्याच्या सहाव्या बारावर आईचा फोन आला. घंटी मांडवातल्या चारही भोंग्यांतून वाजली. बीट बंद, मी बंद. नाटकाच्या तबलजीने दया येऊन केहेरवा धरला, तर मला शब्द आठवेनात. नुसता हुक, म्हणजे ध्रुवपद, चार वेळा म्हटला, लोकांनी चारही वेळा मागून म्हटला, आणि मी खाली उतरलो.

खाली एका म्हातारीने हात धरला. 'कितें रे, गाराणें घालतालो?' म्हणाली. देवळापुढे उभं राहून एकजण एका दमात बोलत जातो आणि बाकीचे मागून 'व्हय म्हाराजा' म्हणतात, ते गाऱ्हाणं. मी होय म्हटलं. भाषा कुठली होती ते तिने विचारलं नाही.

तुझे पाच कोण?

राकिम, लॉरिन हिल, नास, केंड्रिक. क्रम लावत नाही. पाचव्या जागेवर गेल्या गुरुवारी तीन नावं होती. डिचोलीची मिसी एलियटवर अडून बसली होती, पेडण्याचा जे-झीवर, आणि मी रुमालाने हात पुसत कॅझचं नाव पुढे करत होतो. तेवढ्यात सत्तरीची शेवटची बस हलली. धावता धावता मागे वळून तो ओरडला, 'एमिनेम लिही रे!'

लिहिलेलं नाही.